वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर त्याला 'लिनक्स सपोर्ट' म्हणू नका

घाटावरचा_गीक (धागाकर्ता)

यूएसबीत खोचायच्या वायफाय डाँगलच्या खोक्यावर पेंग्विनचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'लिनक्स सपोर्टेड'. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर संकेतस्थळाचा पत्ता, तिथे एक झिप फाइल आणि झिपमध्ये ड्रायव्हरचा, म्हणजे डाँगल चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेला सोर्स कोड. तो आपण कंपाइल करायचा, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्यावर सहीही आपणच करायची, आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून. याला सपोर्ट म्हणणं बंद करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिनक्समध्ये वायफायचं बरंचसं काम सामाईक आहे. नेटवर्क शोधणं, राउटरशी जोडणी करणं, सिग्नल पडला की वेग उतरवणं, हे सगळं मॅक८०२११ नावाचा थर अनेक चिपांसाठी एकाच जागी करतो. त्याचा मूळ कोड डिव्हाइसस्केप कंपनीचा. जुलै २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीबरोबर तो कर्नलमध्ये आला. त्याआधी जो तो ड्रायव्हर हे आपापल्या परीने करायचा. बाहेरून येणारे ड्रायव्हर आजही पुष्कळदा हा थर न वापरता स्वतःचा आख्खा संसार पाठीवर घेऊन येतात.

आणि खरी गोम इथे आहे. कर्नलच्या पोटातली फंक्शनं तशीच राहतील असं वचन कुणीही दिलेलं नाही. वायफाय ७ मध्ये एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवर बोलता येतं. त्याची तयारी म्हणून कर्नल ६.० च्या सुमारास सीएफजी८०२११ या मॅक८०२११ च्या जोडीदार थरामधल्या बऱ्याच फंक्शनांना 'लिंक आयडी' हा जादा आकडा जोडला गेला. ज्याने बदल केला त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर सरळ करून दिले. बाहेरचे मात्र जागच्या जागी तुटले.

मास्तर_ग्रामीण

असहमत. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. आमच्या शाळेत लॅबमधली यंत्रं देणगीतली, भिंतीतल्या लॅनच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. पंधरा डाँगल आणले (कंपनीचं नाव घेत नाही), कर्नल त्यांना ओळखेना. बाहेरचा ड्रायव्हर टाकला, पोरांचं इंटरनेट चालू झालं. मी काय करायला हवं होतं? कर्नलवाल्यांना सवड होईपर्यंत फळ्यावर गूगल काढून दाखवायचं?

आणि हो, एनडीआयएसरॅपर आठवा. विंडोजचा ड्रायव्हर उचलून थेट लिनक्समध्ये चालवायचा. त्या काळात कितीतरी लॅपटॉप त्याच्यामुळेच चालले. तेव्हा शुद्धतेचे पाढे म्हणत बसलो असतो तर लोक लिनक्सकडे फिरकलेच नसते.

घाटावरचा_गीक

मास्तर, तुमच्या लॅबबद्दल तक्रार नाही, खोक्यावरच्या शिक्क्याबद्दल आहे. आणि एनडीआयएसरॅपरचं कौतुक ऐकून गंमत वाटली. ६४ बिटी लिनक्सला ६४ बिटीच विंडोज ड्रायव्हर लागायचा, तो मिळायची मारामार. बंद कोड कर्नलमध्ये शिरला की कर्नल 'टेंट' (बाटलेला) ठरायचा आणि तुमच्या बग रिपोर्टकडे कुणी ढुंकूनही पाहायचं नाही. कंपन्यांना मात्र आयतं निमित्त मिळालं: चालतंय ना, मग आम्ही कशाला लिहू?

उलट उदाहरण बघा. एथेरॉस या वायफाय चिप कंपनीने २००८ मध्ये स्वतःहून एथ९के हा आपला ड्रायव्हर खुला केला आणि त्याच वर्षी तो कर्नलमध्ये गेला. ती कार्डं आजही लावली की चालतात. झिप नाही, सही नाही.

काकूबाई_बीएसडी

एथेरॉसच्या औदार्याचं कौतुक वाचलं. त्याआधीची चार वर्षं कुठे गेली? त्यांच्या चिपांसाठी मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता, पण त्याच्या गाभ्यातला 'हॅल' हा तुकडा बंद बायनरी होता. तो उलगडून खुला लिहिला ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या प्रणालीवाल्यांनी. लिनक्सचा एथ५के ड्रायव्हर त्यावरच उभा राहिला. २००७ मध्ये त्याच कोडचा परवाना बदलायचा प्रयत्न लिनक्सकडून झाला आणि केवढी भांडणं झाली! (त्याच वर्षी आमच्याकडच्या एका ब्रॉडकॉम ड्रायव्हरमध्ये लिनक्सचा, जीपीएल परवान्याखालचा कोड सापडला होता, हे कुणी काढायच्या आधी मीच सांगते.)

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे म्हणून नाचताय, पण इंटेलच्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर काय करतो? बूट होताना लाखभर ओळींची बंद फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) म्हणा की आणखी काही, ती कार्डावर चढवतो. आत काय चाललंय ते ना तुम्हाला दिसतं ना मला. ओपनबीएसडीचा नियम निदान स्पष्ट आहे: आपल्या प्रोसेसरवर बंद कोड चालणार नाही. कार्डावर चालणारं फर्मवेअर मोकळेपणाने वाटायची परवानगी असेल तरच चालवून घेऊ.

शून्य_एक

'लाखभर ओळी' कुठून मोजल्या काकू? बंद आहे ना ते? :)

काकूबाई_बीएसडी

बरं, 'कोण जाणे किती ओळी' असं वाचा. मुद्दा तोच.

शून्य_एक

माझी अडचण दोघांशीही आहे. हवेतून कुणीही फेकलेली माहितीची पाकिटं कर्नलच्या पोटात उघडायची, हे मुळात शहाणपणाचं आहे का? ऑक्टोबर २०२२ आठवा. राउटर 'मी इथे आहे' सांगायला सेकंदाला साधारण दहा वेळा बीकन पाठवतो. एकाच बीकनमध्ये अनेक नेटवर्कं जाहीर करायची सोय मॅक८०२११ मध्ये २०१९ ला आली आणि तिच्यातच मेमरीचे दोष निघाले. लॅपटॉप नुसता नेटवर्क शोधत असला तरी पुरे, पासवर्डचा संबंधच नाही. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या एका संशोधकाने ते शोधले. हे सगळं कर्नलबाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये असतं तर फार तर वायफाय बंद पडलं असतं.

घाटावरचा_गीक

दोष खुल्या कोडमध्ये होते म्हणून सापडले, आणि दुरुस्त्या जुन्या स्टेबल कर्नलांतही गेल्या. तुमच्या अपडेटमध्ये त्या गुपचूप आल्या असतील. स्वतःची वेगळी वायफाय यंत्रणा घेऊन फिरणाऱ्या झिपमधल्या ड्रायव्हरला अशी दुरुस्ती कोण देणार?

काकूंना: फर्मवेअरबद्दल तत्त्वतः मान्य. २०१७ चं ब्रॉडपॉन हेच होतं, आयफोन आणि अँड्रॉइड फोनांतल्या ब्रॉडकॉम चिपच्या फर्मवेअरमधलं भगदाड. पण डेबियन या लिनक्स वितरणाच्या, खुल्या कोडबाबत कर्मठ असलेल्या मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून घेतलं. कारण सरळ आहे. नेटवर्कशिवाय इन्स्टॉल करणारा माणूस फर्मवेअर उतरवणार कुठून?

पेठेतला_रेडिओवाला

फर्मवेअर बंद असण्यामागे चोरीछुपेपणाच असतो असं नाही, रेडिओचे कायदेही असतात. कुठल्या देशात कुठल्या चॅनेलवर किती ताकदीने बोलायचं याची सूची कर्नल ४.१५ पासून स्वतःच वाचतो, तीही सही तपासून. देश ठाऊक नसेल तर '००' हा जागतिक नियम लागतो. त्यात ५ गिगाहर्ट्झवर ऐकायची मुभा, पण आपणहून बोलायला बंदी. भारतात ऑक्टोबर २०१८ पासून ५१५० ते ५८७५ मधले ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरही परवानामुक्त आहेत. तरी लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट सुरू करायला गेलं की 'नो आयआर' (आपणहून बोलू नका) असं उत्तर येतं. देश 'आयएन' (भारत) लावला की बहुतेक कार्डं ऐकतात. इंटेलची नवी कार्डं ऐकत नाहीत, तिथे फर्मवेअर आजूबाजूच्या राउटरांवरून देश स्वतःच ठरवतं. कर्नलचा मालकी हक्क तिथे संपतो. हे मलाही जाचतं, पण ही खिडकी सताड उघडी टाकली तर कुठलीही नियामक संस्था चिप पास करणार नाही.

काकूबाई_बीएसडी

एथेरॉसच्याच एआर९२७१ चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये खुलं झालं. आभाळ कोसळलेलं पाहिलं नाही.

पेठेतला_रेडिओवाला

ती २.४ गिगाहर्ट्झची, दीडशे मेगाबिटची जुनी चिप. ५ गिगाहर्ट्झवर हवामान खात्याच्या रडारशी गाठ पडते, तिथे आभाळाचाच प्रश्न येतो.

शून्य_एक

फ्रीबीएसडीवाले (ओपनबीएसडीच्या भावंड प्रणालीचे) कुणी आहेत का? ऐकलंय की तिथे लोक वायफायसाठी आख्खं लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतात.

काकूबाई_बीएसडी

खरं आहे, वायफायबॉक्स म्हणतात. कार्ड पाहुण्या लिनक्सच्या हवाली करायचं आणि इंटरनेट त्याच्याकडून घ्यायचं. आता फ्रीबीएसडी १४.३ पासून इंटेलची कार्डं लिनक्सचाच ड्रायव्हर जुळवून घेऊन ११एसीच्या (वायफाय ५ च्या) वेगाने चालतात. हसू नका, तुमचीही वेळ येईल.

शिवाय शून्य_एक, तुम्हाला हवंय ते वायफाय मुख्य कर्नलबाहेर वेगळं काढून ठेवणं वायफायबॉक्समध्ये आपसूक होतं.

मास्तर_ग्रामीण

वाद चालू द्या. माझा प्रश्न साधा आहे. 'कर्नलमध्ये असलेलीच चिप घ्या' हे धाग्यात म्हणणं सोपं, पण दुकानात चिप दिसते कुठे? काउंटरवरचा पोरगा म्हणतो, 'घेऊन जा सर, सगळ्याला चालतं.' खोक्यावर चिपचं नाव नसतं. मॉडेल तेच ठेवून आवृत्ती बदलतात आणि आतली चिप भलत्याच कंपनीची निघते. आमच्या पंधरांपैकी काही तर लावल्यावर वायफाय म्हणून दिसेनातच. एलएसयूएसबी ही आज्ञा देऊन जोडलेल्या उपकरणांची यादी काढली तर तीत नुसती 'डिस्क', म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर पोटात घेतलेली सीडी. यूएसबी-मोडस्विच या प्रोग्रामने तिला बाहेर हाकलल्यावर कुठे आतली चिप दिसली. खोक्यावर चिपचा नंबर छापायची सक्ती करा, मग मला बाहेरचे ड्रायव्हर टाकू नका म्हणून सांगा.

घाटावरचा_गीक

नंबर छापायच्या मागणीवर सही माझी पहिली. तोवर ते डाँगल नव्या कर्नलवर लावून बघा. रिअलटेकच्या ८८१२एयू, ८८२१एयू या चिपा बाजारात आल्यावर दहाएक वर्षं बाहेरच होत्या, २०२५ च्या कर्नलांत आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्या ड्रायव्हरने त्या आत घेतल्या. तुमच्यात त्याच असतील तर झिप काढून टाका.

मास्तर_ग्रामीण

दहा वर्षं म्हणजे पाचवीतला पोरगा इंजिनिअरिंगला गेला की हो. असो. नवा कर्नल उतरवायला आज घरून फोनचं टेदरिंग नेतो.