आयबुप्रोफेनचा पीकेए 5.4 येतो आहे. चूक कुठे असावी?

प्रश्न (एम.फार्म. विद्यार्थिनी, सोलापूर):
नमस्कार. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करून (ते थोडे थोडे घालत पीएच मोजून) मी आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचा आम्लता स्थिरांक, म्हणजे पीकेए (तो जितका लहान तितके आम्ल तीव्र), काढत आहे. निव्वळ पाण्यात पदार्थ विरघळेना, म्हणून निम्मे मेथॅनॉल घातले. अर्ध्या उदासीनीकरणाच्या बिंदूवरून (निम्मे आम्ल उदासीन झाल्यावरचा पीएच म्हणजेच पीकेए) आकडा 5.4 आला. पुस्तकांत तो 4.4 ते 4.5 च्या आसपास दिलेला आहे. आमच्या प्रयोगशाळेत एसी नाही आणि एप्रिलच्या दुपारी बीकरमधले तापमान 35 अंश होते. दोष तापमानाचा समजावा का?

उत्तर 1 (चिंचोळी एमआयडीसीतील क्यूसी, म्हणजे गुणवत्ता नियंत्रण, केमिस्ट):
उन्हाळ्याला दोष देण्याचा मोह आम्हालाही होतो, पण कार्बोक्झिलिक आम्लांचा पीकेए दहा अंशांनी फारसा हलत नाही. लिडोकेनसारखे अमाइन (नायट्रोजनयुक्त आम्लारी) असते, तर दर अंशामागे साधारण 0.03 ने आकडा उतरला असता. तरीही वॉटर बाथने 25 अंश राखावेत, कारण पीएच मीटरची तापमान-भरपाई फक्त इलेक्ट्रोडचा उतार सुधारते (25 अंशांना 59.16 मिलिव्होल्ट, 35 ला सुमारे 61), पदार्थाचा पीकेए नव्हे.

खरा गुन्हेगार मेथॅनॉल आहे. पाण्यापेक्षा त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विरुद्ध विद्युतभारांतील आकर्षण सौम्य करण्याची द्रावकाची क्षमता) बराच कमी असल्याने आम्लापासून सुटणारे आयन तिथे कमी स्थिरावतात आणि पीकेए वर सरकतो. आपला 5.4 हा त्या मिश्रणापुरता खरा असेलही. पाण्यातला आकडा मात्र तो नव्हे.

उत्तर 2 (निवृत्त प्राध्यापक):
वरील म्हणणे योग्य आहे. मेथॅनॉलचे प्रमाण बदलून निदान तीन-चार टायट्रेशने करावीत, प्रत्येक आकड्यात त्या मिश्रणातील पाण्याच्या मोलर तीव्रतेचा लॉग मिळवावा आणि ही बेरीज डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या व्यस्तासमोर मांडून सरळ रेषा शुद्ध पाण्यापर्यंत, म्हणजे स्थिरांक 78.3 असलेल्या बिंदूपर्यंत, न्यावी. हीच यासुदा-शेडलोव्स्की पद्धत. इलेक्ट्रोड मात्र पाण्यातील 4.01 आणि 7.00 च्या बफरांवर जुळवलेला असल्याने प्रत्येक मिश्रणात आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचे कोरे (औषध न घालता) टायट्रेशन करून त्याचे वाचन तपासावे. आयनिक स्ट्रेंग्थ (द्रावणातील आयनांच्या एकूण तीव्रतेचे माप) सारखी राहावी म्हणून सगळीकडे 0.15 मोलर पोटॅशियम क्लोराइड ठेवावे, उकळून गार केलेले पाणी वापरावे आणि द्रावणावर नायट्रोजनचा प्रवाह सोडावा. हायड्रॉक्साइडमध्ये कार्बोनेट शिरले की अंत्यबिंदू पसरतो आणि मग अर्धा बिंदूही चुकतो.

विद्यार्थिनी:
आभारी आहे, सर. यूव्हीने (अतिनील प्रकाशाचे शोषण मोजून) हे टाळता येईल का?

उत्तर 2:
पॅरासिटामॉलला उत्तम जमते, कारण त्याच्या फिनॉल गटाचा प्रोटॉन सुटताच शोषणपट्टा ठळकपणे सरकतो. आयबुप्रोफेनचा आम्लगट बेंझीन कड्यापासून एका कार्बनच्या अंतरावर असल्याने वर्णपट जेमतेम बदलतो. टायट्रेशनच करावे, आणि प्रबंधात आकड्याशेजारी तापमान, आयनिक स्ट्रेंग्थ व मेथॅनॉलची टक्केवारी लिहावी. माझ्या हाती आलेल्या कित्येक प्रबंधांत ही माहिती नसे.