आयएसओ १४००१ चा खरा परिणाम कसा मोजावा? मदत हवी आहे

भोसरीतील आमच्या झिंक प्लेटिंगच्या (धातूच्या भागांवर जस्ताचा मुलामा देण्याच्या) लहान कारखान्याने आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र घ्यावे, असा आग्रह मुख्य ग्राहक कंपनीने धरला आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९९ मध्ये आपल्या पुरवठादारांना हेच सांगितले होते; म्हणजे कागदावर ऐच्छिक असलेले मानक पुरवठादारासाठी फारसे ऐच्छिक उरत नाही. शिवाय ते व्यवस्थापनाची पद्धत तपासते, सांडपाण्यात जस्त किती असावे याची मर्यादा स्वतः घालत नाही. त्यामुळे फायली वाढतील आणि पाणी तसेच राहील, अशी भीती मला मनापासून वाटते.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि चालू सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा आमच्याकडे आहे. वर्षभराचे पाण्याचे मीटर, रसायनांची खरेदी आणि गाळाचे वजन यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, परंतु ऑर्डरी दरमहा कमीजास्त होत असल्याने तुलना करता येत नाही. भाग टांगलेली चौकट (रॅक) टाकीवर काही सेकंद अधिक निथळू दिल्यावर धुण्याचे पाणी उशिरा खराब होऊ लागले, पण ते प्रमाणपत्राविनाच घडले. सल्लागारांची दरपत्रके नको आहेत.

ज्यांच्या प्रमाणपत्राला किमान दोन वर्षे झाली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: प्लेटिंग केलेल्या दर चौरस मीटरमागे पाणी आणि गाळ मोजणे विश्वासार्ह ठरते का, आणि तुलनेसाठी प्रमाणपत्रापूर्वीच्या किती महिन्यांच्या नोंदी पुरतात?