चेहरा उजळताना केसांच्या कडेला प्रभावळ उमटते. निवडक भाग कसा सुधारावा?

काजवा:
खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचे एक छायाचित्र माझ्याकडे आहे. मागचा उजेड तीव्र असल्यामुळे चेहरा काळवंडला आहे, मात्र खिडकीबाहेरचे आकाश आणि झाडे उत्तम उतरली आहेत. संपूर्ण चित्र उजळले तर आकाश पांढरेफटक होते, म्हणून गिंप या चित्रसंपादन प्रोग्रॅममध्ये लासोने (हाताने रेषा आखून भाग निवडण्याचे साधन) केवळ चेहरा निवडून उजळपणाचा आलेख वाकवणाऱ्या कर्व्हज्‌ने तो उजळला. आता चेहरा दिसतो, पण केसांच्या कडेने फिकट पट्टा उमटला आहे आणि डोके कापून चिकटवल्यासारखे वाटते. फेदरचे (निवडीची कड मऊ करण्याचे) मूल्य वाढवल्यास पट्टा पुसट होतो, पण तितकाच रुंद होऊन खिडकीवर पसरतो. निवड अधिक काटेकोर करावी, की पद्धतच बदलावी? चित्र रॉ (कॅमेऱ्याने टिपलेला प्रक्रिया न केलेला डेटा) आणि जेपेग अशा दोन्ही स्वरूपांत आहे.

सावलीरेषा:
पद्धत बदलावी. लासोने आखलेली निवड म्हणजे शेवटी एक रेषा असते, आणि चेहऱ्यावरचा उजेड कधीही रेषेपाशी थांबत नाही. तो गालावरून कानाकडे जाताना हळूहळू ओसरतो. मूळ लेयरची (चित्राच्या थराची) प्रत करा आणि आकाशाची पर्वा न करता ती प्रत चेहरा योग्य दिसेपर्यंत उजळा. मग तिला पूर्ण काळा लेयर मास्क जोडा, म्हणजे उजळलेले सगळेच झाकले जाईल. त्यानंतर अगदी मऊ कडेचा ब्रश घेऊन, त्याची अपारदर्शकता दहा-पंधरा टक्क्यांवर ठेवून, चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने मास्कवर पांढरा रंग फिरवत जा. पांढरे तेथे उजळलेला लेयर दिसतो, काळे तेथे झाकला जातो आणि करड्या छटांत त्या प्रमाणात दिसतो. हात जास्त फिरला तर एक्स कळ दाबून रंगांची अदलाबदल करा आणि काळ्याने मागे या.

डॉज आणि बर्न ही तयार साधने मोहक वाटतात. डार्करूममध्ये एन्लार्जरचा (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) प्रकाश कागदाच्या काही भागावर पडू न देता तो भाग फिका ठेवत, किंवा जास्त वेळ पडू देऊन गडद करत, त्यावरूनच ती आली आहेत. परंतु ती थेट पिक्सेल बदलतात, त्यामुळे मूळ लेयरवर ती वापरू नयेत.

धूसर:
वरील पद्धत योग्य आहे, पण ती जेपेगवर वापरण्यापूर्वी थांबा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला 256 पातळ्या असतात, तर 14 बिटांच्या रॉमध्ये 16,384. त्यातही जेपेगच्या गडद भागातील बारकावे कॉम्प्रेशनमध्ये आधीच गेलेले असतात, त्यामुळे तो भाग ताणला की त्वचेवर डाग आणि पट्टे दिसू लागतात. डार्कटेबल या रॉ चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये रॉ उघडून उजेड कमी-जास्त करणाऱ्या एक्स्पोजर मॉड्यूलला मास्क लावा. तेथे हाताने काढलेला आकार आणि उजळपणाच्या मर्यादेवर चालणारा पॅरामेट्रिक मास्क एकत्र वापरता येतो. म्हणजे आकार चुकून खिडकीवर गेला, तरी खिडकी प्रखर असल्यामुळे ती आपोआप वगळली जाते. फेदरिंग रेडियस हा पर्यायही पाहा, कारण साध्या फेदरप्रमाणे कड सरसकट पुसट करण्याऐवजी तो मास्कला चित्रातील खऱ्या कडांना धरून बसवतो. सावली वर उचलली की नॉईजही (दाणेदारपणा) वर येतो, तेव्हा नॉईज कमी करणे त्याच भागापुरते ठेवावे.

काजवा:
दोघांचेही आभार. मास्क रंगवल्यावर गाल आणि कपाळ स्वाभाविक झाले. मात्र सुट्या बटांमधून खिडकी दिसते आणि तेथे ब्रश फिरला की प्रभावळ परत येते. काम गिंपमध्येच पूर्ण करण्याची इच्छा आहे.

तिसरा डोळा:
बटा हाताने रंगवायच्याच नसतात. ते काम चित्राच्या स्वतःच्या उजेडाकडून करून घ्यावे. प्रत केलेला लेयर उजळण्याआधीच त्याला मास्क जोडा, आणि त्या वेळी लेयरची ग्रेस्केल प्रत हा पर्याय निवडून मास्क उलटा करण्याच्या खुणेवरही टिचकी मारा. गडद भाग मास्कमध्ये पांढरा आणि खिडकी जवळपास काळी होईल. लेव्हल्सने (काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा सरकवणारे साधन) खिडकी पूर्ण काळी करून घ्या. मग मास्कऐवजी लेयर सक्रिय आहे याची खात्री करून कर्व्हज् वापरा. शेवटी हा लेयर एका लेयर ग्रुपमध्ये ठेवून त्या ग्रुपला वेगळा काळा मास्क द्या आणि ब्रशचे काम तेथे करा. दोन्ही मास्क जेथे परवानगी देतात तेवढेच उजळते, त्यामुळे बटांवरून ब्रश सैल फिरला तरी मागची खिडकी हलत नाही.

येथे एक अडचण आहे, आणि तीच बहुधा नजरेतून सुटते. असा मास्क जसाच्या तसा ठेवला, तर पापण्या आणि नाकाखालची सावली उजळ त्वचेपेक्षा अधिक वर उचलली जाते आणि चेहरा सपाट, निर्जीव दिसतो. म्हणून मास्कवर थोडा गॉशियन ब्लर (मऊ धूसरपणा) द्यावा लागतो. पण तो जास्त झाला की प्रभावळ पुन्हा हजर होते. मास्क उघडून पाहा आणि बटा वेगळ्या ओळखू येतात तोपर्यंतच ब्लर वाढवा.

सावलीरेषा:
सहमत आहे. तरीही माझ्या मते प्रश्नाचा निम्मा भाग उजेडाच्या मात्रेचा आहे. प्रकाश मागून येतो हे पाहणाऱ्याला दिसत असते. चेहरा खिडकीइतका उजळ झाला, तर कड कितीही निर्दोष असली तरी डोळा ते स्वीकारत नाही. उजळलेल्या ग्रुपची अपारदर्शकता साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत उतरवून पाहा, आणि चेहऱ्याकडे लक्ष जावे यासाठी खिडकीचा चेहऱ्याजवळचा भाग किंचित गडद करा. शार्पनिंग द्यायचे असेल तर बुबुळे, भुवया आणि ओठांपुरतेच द्यावे, त्वचेवर नको. डोळ्यांतील पांढरा भाग उजळण्याचा मोहही टाळावा. हल्ली बहुतेक व्यक्तिचित्रे तेथेच बिघडतात.

काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जतन करा. जेपेग निर्यात केल्यावर लेयर आणि मास्क एकत्र होतात, आणि दुसऱ्या दिवशी चित्र ताज्या नजरेने पाहिल्यावर मात्रा थोडी कमी करावीशी वाटली, तर त्या फाइलमध्ये ते शक्य राहत नाही.