मोबाईलवर बुद्धिबळासाठी नक्की कुठलं अ‍ॅप ठेवू? तीन टाकली, गोंधळ वाढला

परत_पटावर:
नमस्कार मंडळी, कॉलेजनंतर पंधरा-वीस वर्षं पटाला हात लावला नव्हता, आता मुलीला (वय ९) घोडा अडीच घरं कसा जातो ते शिकवता शिकवता मलाच परत गोडी लागलीये आणि रोज रात्री फोनवर दोन-तीन डाव होतातच. पण अ‍ॅपचं काही जमत नाहीये. पहिलं जे घेतलं (नाव नको) त्यात डाव चालू असताना खाली जाहिरातीची पट्टी, बोट चुकून तिकडे लागलं की वेगळंच पान उघडायचं आणि परत येईपर्यंत घड्याळ संपलेलं, ते चार दिवसांत काढून टाकलं. मग चेस डॉट कॉम आणि लिचेस दोन्ही टाकली. आता एकावर माझं रॅपिड (दहा-पंधरा मिनिटांच्या डावांचं) रेटिंग १०४० आणि दुसऱ्यावर १३९०, माणूस तोच, आठवडा तोच, मग यातलं खरं कुठलं धरायचं?

दुसरं म्हणजे कॉम्प्युटरबरोबर सोप्या लेव्हलला खेळलं की तो दहा-बारा चाली एकदम तोलून मापून खेळतो आणि मग अचानक वजीर फुकट देऊन टाकतो, जिंकल्यासारखंच वाटत नाही. तिसरं, प्रवासात नेट येतं-जातं त्यामुळे ऑफलाइन काहीतरी हवंय. आणि मुलीला द्यायचं तर अनोळखी लोकांचं चॅट नको. फोनमध्ये जागा कमी आहे, पाच-सहा अ‍ॅप ठेवणार नाही. जे खरंच वापरताय तेच सांगा प्लीज.

अडीच_घरं:
रेटिंगचं आधी सांगतो कारण यात बरेच जण उगाच हिरमुसतात. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त आपापल्या घरात. लिचेसवर प्रत्येक नवीन खात्याला १५०० पासून सुरुवात मिळते आणि तिथे रेटिंग मोजायची ग्लिको-२ नावाची पद्धत आहे, चेस डॉट कॉमवर ग्लिको आहे आणि सुरुवातीला तुम्ही स्वतःला नवशिका म्हणता की जाणकार त्यावर आकडा ठरतो. शिवाय खेळणारी माणसं वेगळी. रेटिंग म्हणजे तुमच्या खेळाचं वजन नव्हे, त्या गर्दीत तुम्ही कुठे उभे आहात एवढंच ते सांगतं, आणि गर्दी बदलली की आकडा बदलणारच. लिचेसचा आकडा सहसा वरच असतो, खालच्या रेटिंगला तर जास्तच फरक दिसतो, त्यामुळे तुमचं १०४० आणि १३९० अगदी नेहमीचंच आहे. लिचेसवर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसत असेल तर अजून त्याचा अंदाज पक्का झालेला नाही, थोडे डाव होऊ द्या. आणि दोन्हीचा फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) रेटिंगशी थेट संबंध नाही, तिथे २०२४ पासून १४०० च्या खाली रेटिंगच नसतं, त्यामुळे ती तुलना करायला जाऊच नका.

एक अ‍ॅप निवडा आणि दोन महिने त्याच आकड्याकडे बघा, तो वर जातोय की नाही एवढंच. माझं मत लिचेस. २०१० पासून आहे, देणग्यांवर चालतं, जाहिरात एकही नाही, पैसे भरून उघडणारं काही नाही, कोड सगळ्यांना खुला आहे.

वजीर_गेला_तरी:
ऑफलाइनचं मी सांगते, माझा रोजचा प्रवास लांबचा आहे आणि मधे बराच वेळ नेटच नसतं. अँड्रॉइड असेल तर ड्रॉइडफिश बघा. दिसायला अगदी साधं आहे, रंगीबेरंगी काही नाही, पण आत स्टॉकफिश इंजिन (चाली शोधणारा प्रोग्रॅम) बसवलेलंय म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी एक तुमच्या खिशात, तेही फुकट आणि बिनजाहिरातीचं. ताकद कमी करता येते, पट हवा तसा मांडता येतो (पेपरातलं कोडं वगैरे), जुना डाव पीजीएन (चालींची मजकुरातली नोंद) म्हणून आत घेता येतो. एकच सांगते, विश्लेषण चालू ठेवून फोन खिशात टाकू नका, इंजिन प्रोसेसरला पूर्ण जुंपतं, फोन तापतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. मी एकदा तसाच ठेवला आणि उतरायच्या आधीच फोन बंद, तेव्हापासून दोन मिनिटं बघून बंद करते.

आणि लिचेसच्या अ‍ॅपमध्ये कोडी आधीच थोडी उतरवून ठेवलेली असतात, ती नेट नसताना सुटतात, नेट आलं की हिशोब जुळवून घेतो. एकाच फोनवर समोरासमोर दोघांनी खेळायची सोयही त्यात आहे, मुलीबरोबर गाडीत बसून खेळायला बरं पडेल.

परत_पटावर:
वा, कोडी ऑफलाइन सुटतात हे माहीतच नव्हतं, धन्यवाद ताई. रेटिंगचंही डोक्यात शिरलं. पण कॉम्प्युटर फुकट वजीर देतो त्याचं काय? माणसासारखा चुकणारा कॉम्प्युटर असतो का कुठे?

काटशह:
असतो! आणि तुमची तक्रार बरोबर आहे, कारणही साधं आहे. स्टॉकफिशला कमजोर करताना त्याला कमी समजेल असं फारसं काही करत नाहीत, त्याला चांगल्या चाली दिसतातच, फक्त मधूनमधून मुद्दाम त्यातली कमी चांगली उचलायला लावतात. म्हणून तो एका चालीला उस्ताद आणि पुढच्या चालीला अगदीच नवखा वाटतो. माणूस असा चुकत नाही, माणूस पिन (मागे मोठी सोंगटी असल्यामुळे पुढची हलवता न येणं) न दिसल्यामुळे चुकतो, लांबून आलेला उंट विसरल्यामुळे चुकतो, हल्ल्याच्या नादात स्वतःच्या मागच्या पट्टीवरची मात विसरतो.

लिचेसवर माया नावाचे बॉट (आपोआप खेळणारी खाती) आहेत, ते बघा. माया हे न्यूरल नेटवर्क खऱ्या माणसांच्या लाखो डावांवर शिकवलंय आणि त्याला सगळ्यात चांगली चाल शोधायला नाही तर 'या जागी या रेटिंगचा माणूस काय खेळेल' हे ओळखायला शिकवलंय. माया१ हा ११०० च्या आसपासच्या खेळाडूंच्या डावांवर, माया५ हा १५०० च्या आणि माया९ हा १९०० च्या. तुम्ही माया१ पासून सुरू करा, प्रोफाइल शोधून आव्हान पाठवायचं. माझ्या फोनवर हे एवढं एक नसतं तर मी कॉम्प्युटरबरोबर खेळणं कधीच सोडलं असतं, इतका फरक जाणवतो. हरलो तरी 'अरे हे मला दिसायला हवं होतं' असं वाटतं.

पण खरं सांगू का, तुम्ही अ‍ॅप कुठलं यावर एवढा विचार करताय त्यापेक्षा डाव संपल्यावर काय करता त्यावर करा. बहुतेक जण हरले की लगेच 'नवीन डाव' दाबतात, नाहीतर लगेच इंजिन चालू करून चुकांच्या लाल खुणा मोजतात. दोन्हीत हाती काही लागत नाही. मी असं करतो, डाव संपला की इंजिन बंद ठेवूनच सुरुवातीपासून एकदा चाली पुढे नेतो आणि जिथे मला डाव हातातून सुटल्यासारखा वाटला तो चालीचा नंबर लिहून ठेवतो. मगच इंजिन लावतो. बऱ्याचदा इंजिन सात-आठ चाली आधीची जागा दाखवतं, आणि या दोन नंबरांच्या मधे जे काही आहे तेच माझं शिकायचं असतं. लिचेसवर अख्ख्या डावाचं कॉम्प्युटर विश्लेषण फुकट होतं, आणि ब्राउझरमधून उघडलं तर 'चुकांमधून शिका' असा भाग आहे, तो तुमच्या चुकीच्या जागेवर पट आणून ठेवतो आणि म्हणतो आता इथे चांगली चाल शोधा. उत्तर आधी देत नाही. याच्याइतकी उपयोगी गोष्ट मला तरी दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपात सापडली नाही.

आणि वेळ वाढवा हो. ३ मिनिटांचे डाव खेळून विचार करायची सवय लागत नाही. १५+१० खेळा, म्हणजे १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढतात म्हणजे ४० चालींच्या डावात पावणेसात मिनिटं जवळपास जास्तीची मिळतात, शेवटच्या प्याद्यांच्या खेळात तीच कामी येतात.

शांत_हत्ती:
सगळे लिचेस लिचेस करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी चेस डॉट कॉमवर बरीच वर्षं आहे आणि पैसे भरून आहे, पश्चात्ताप नाही. नवीन माणसाला तिथे रस्ता दाखवणारं जास्त आहे, धडे नीट पायरीपायरीने लावलेले आहेत, आणि डावानंतरचा रिव्ह्यू 'ही चाल का वाईट' ते शब्दांत सांगतो, नुसता आकडा फेकत नाही. ज्याला इंजिनचं +१.७ म्हणजे काय (पांढरा साधारण पावणेदोन प्याद्यांइतका पुढे) तेच माहीत नाही त्याला शब्द लागतातच. वेगवेगळ्या स्वभावाचे बॉटही आहेत, लहान मुलांना ते आवडतात. मात्र फुकट वापरणाऱ्याला पूर्ण रिव्ह्यू दिवसाला एकच आणि कोडीही मोजकीच, हे खरं आहे. त्यामुळे रोज एकच डाव नीट खेळणार असाल तर फुकटातही भागतं, जास्त हवं तर पैसे नाहीतर लिचेस.

दोन्ही ठेवायचे असतील तर चेस डॉट कॉमवर खेळा, डाव शेअर करताना पीजीएन कॉपी करा आणि लिचेसमध्ये चिकटवून तिथे विश्लेषण करा. मी भावाला हेच लावून दिलंय.

अडीच_घरं:
@शांत_हत्ती शब्दांत सांगण्याचं मान्य, तिथे लिचेस खरंच कमी पडतं. पण ते शब्द कधीकधी फार गोड असतात, चाल चुकलेली असून 'चांगला प्रयत्न' छाप काहीतरी. मला इंजिनने दिलेली पुढची ओळ स्वतः पटावर चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

पट्टी_आठवी:
मुलीबद्दल कोणी लिहिलं नाही. मी मुलांना शिकवते म्हणून सांगते. लिचेसच्या खात्यात किड मोड आहे, तो चालू केला की संदेश-चॅट सगळं बंद होतं, वेबसाइटवर सेटिंगमध्ये जाऊन करून ठेवा. चेस डॉट कॉमवाल्यांचं मुलांसाठी वेगळं चेसकिड आहे, तेही चांगलं, चित्रं आणि छोटे व्हिडिओ असल्यामुळे नऊ वर्षांचं मूल रमतं. तिला तुमच्या खात्यावर मात्र खेळू देऊ नका, रेटिंगचा घोळ होतो आणि तिला तिच्या वरचे खेळाडू मिळून ती रडकुंडीला येते.

कोड्यांमध्ये 'एका चालीत मात' पासून सुरू करा, लिचेसवर विषयानुसार कोडी वेगळी काढता येतात, फोर्क (एकाच सोंगटीचा दोघांवर हल्ला), पिन, दोन चालींत मात असं. पझल स्टॉर्म म्हणजे तीन मिनिटांत जमतील तितकी कोडी, ते मुलांना फार आवडतं पण रोज नको, घाईने बोट टेकवायची सवय लागली की खऱ्या डावातही तेच होतं. मी वर्गात कोडं दिलं की आधी हात मागे बांधायला लावते आणि चाल तोंडाने सांगायला सांगते, फोनवरही तसंच करून घ्या, तोंडाने सांग मग बोट लाव.

आणि एक नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ऑनलाइन डाव चालू असताना इंजिन उघडायचं नाही, बाबांनाही विचारायचं नाही. खातं बंद होतं हा भाग वेगळा, पण समोर कोणीतरी खरं माणूस बसलेलं असतं.

परत_पटावर:
चार दिवस करून बघितलं म्हणून लिहितोय. लिचेस आणि ड्रॉइडफिश एवढी दोनच ठेवली, मुलीचं वेगळं खातं किड मोड लावून काढून दिलं. शांत_हत्ती, धड्यांचं तुमचं पटलं, तिच्यासाठी चेसकिड पण पुढे बघणार आहे.

काटशह, काल तुम्ही सांगितलं तसं केलं. माया१ शी काळ्या सोंगट्यांनी हरलो, इंजिन न लावता बघितलं तर मला वाटलं २४ व्या चालीला हत्ती गेला तिथे डाव गेला. लिहून ठेवलं, मग इंजिन लावलं. त्याने १५ वी दाखवली! कॅसलिंग (राजाला कोपऱ्याकडे नेऊन हत्ती बाहेर काढणं) झालेलं असताना एच ४ घरातल्या उंटाला हाकलायला मी जी ५ केलं होतं, म्हणजे राजासमोरचं जी चं प्यादं पाचव्या ओळीत ढकललं होतं, उंट मागे गेला खरा, पण दोन चालींनी त्याचा घोडा एफ ५ वर येऊन बसला आणि माझं ई चं प्यादं आधीच पुढे गेलेलं असल्यामुळे त्याला तिथून उठवायला एकही प्यादं उरलं नव्हतं. हत्ती त्याच घोड्याने मारला. खेळताना मला जी ५ फार भारी वाटलं होतं.

मागचे सहा डाव काढून बघितले तर त्यातल्या तीन डावांत मी राजासमोरचं प्यादं असंच पुढे ढकललंय.

काटशह:
सहात तीन म्हणजे सापडलं की तुम्हाला. आता पुढच्या दहा डावांत राजासमोरच्या प्याद्याला हात लावायच्या आधी एवढंच बघा, ते पुढे गेल्यावर कुठली दोन घरं उघडी पडतात आणि समोरच्याचा घोडा तिथे किती चालींत येतो. १५+१० मध्ये एवढं बघायला वेळ मिळतो. दहा झाले की इथे लिहा, मला बघायचंय.