वानरं ओरडली की मोर झाडावर, रोही जागीच थांबतात, पण बगळे ढिम्म. असं का?

बांधावरचा_रावेर

नमस्कार मंडळी. आमची केळीची बाग खिरोद्याच्या वर, पालच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. परवा संध्याकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला गेलो, तर बांधावरच्या चिंचेवरची वानरं एकदम खॅक्-खॅक् करायला लागली. सगळ्यांची तोंडं नाल्याकडे. तेवढ्यात खाली दाणे टिपणारे मोर भर्रकन बाभळीवर गेले आणि पलीकडच्या पडीत चरणारे रोही (नीलगाई) माना वर करून उभे राहिले. त्यांना नाला दिसणं शक्यच नव्हतं, मधे मका उभा आहे. पाटाच्या पाण्यातले बगळे मात्र हलले नाहीत. सकाळी नाल्याच्या गाळात बिबट्याचे ताजे ठसे.

ही जनावरं एकमेकांचं ओरडणं खरंच समजून घेतात, की नुसत्या गोंगाटाला बिचकतात? आणि आम्हाला रात्रीच्या लाईटवर मोटार चालू करायला जावं लागतं. यांच्यावर भरवसा ठेवायचा तर किती?

चोपड्याची_पक्षीवेडी

दादा, बगळ्यांचं तुम्ही टिपलंत ते फार मोलाचं आहे. नुसत्या गोंगाटाचा प्रश्न असता तर तेही उडाले असते.

आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या जंगलात डायना माकडं गरुड दिसला तर एक ओरडतात, बिबट्या दिसला तर दुसरं. तिथल्या धनेश पक्ष्यांना हे दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले. गरुडाच्या इशाऱ्याला ते सावध झाले, बिबट्याच्या इशाऱ्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. गरुड धनेशाला मारतो, बिबट्याशी त्याला देणंघेणं नाही. हा अभ्यास २००४ साली छापून आला. तुमच्या बगळ्यांचंही तसंच असावं असा माझा अंदाज. मोर मात्र जमिनीवर चरतो आणि बिबट्या त्याला सोडत नाही.

म्हणजे नुसतं ऐकणं नाही, कोण ओरडतंय आणि ते माझ्या कामाचं आहे का, हे ती ताडतात. उनपदेवच्या झाडीत मी हे फार जवळून बघते. सातभाई पक्ष्यांनी कालवा केला की खोडावरची खार हातातलं फळ तसंच धरून थबकते, शेपूट झटकत राहते, आणि बघते ते सातभाईंकडे नाही, सातभाई जिकडे बघतायत तिकडे.

हे उपजत की शिकलेलं, यावर ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सुंदर काम झालंय. तिथल्या रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांना आधी कधीच न ऐकलेला आवाज ऐकवायचा आणि त्याच वेळी डोक्यावरून शिकारी पक्ष्याची प्रतिकृती उडवायची. थोड्याच दिवसांत ते नुसत्या आवाजाला झुडपात पळू लागले. २०१८ च्या प्रयोगात तर शिकारी दाखवलाच नाही. अनोळखी आवाज ओळखीच्या पक्ष्यांच्या इशाऱ्यांत मिसळून ऐकवला, तरी ते शिकले. गॅलापागोस बेटांवरच्या सागरी इग्वानाला, म्हणजे एका मोठ्या सरड्याला, तर स्वतःला आवाजच नाही, तरी तो तिथल्या मॉकिंगबर्ड पक्ष्याच्या इशाऱ्याला सावध होतो. ज्याला बोलता येत नाही तोही कान देऊन असतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता भरवशाचं. आपल्या कोतवाल पक्ष्याचा आफ्रिकी भाऊबंद कलाहारी वाळवंटात मीरकॅटांच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या मुंगसाच्या भाऊबंदांच्या, मागे फिरतो. शिकारी दिसला की खरा इशारा देतो, मीरकॅट त्याचं ऐकतात. मग एखाद्याला गलेलठ्ठ किडा सापडला की हा खोटंच ओरडतो, मीरकॅट बिळात आणि किडा याच्या चोचीत. रोजच्या अन्नातलं सुमारे २३ टक्के तो असं पळवतो. एका आवाजाला ते दाद देईनासे झाले की दुसऱ्याच प्राण्याचा इशारा काढतो. तेव्हा दादा, ऐकणाऱ्याला पारख ठेवावीच लागते.

अनेरकाठचा_पावरा

ताईंनी चांगलं सांगितलं. आमचे बाबा शेळ्या चारतात, त्यांची पारख सांगतो. वानरं कुत्र्यालाही ओरडतात, पण कुत्रा गेला की गप्प. बिबट्या असला तर टोळी शेंड्याला जाते, पिल्लं आयांच्या पोटाला, आणि तो जसा सरकतो तशी तोंडं फिरत जातात. तोंडं फिरायला लागली की बाबा शेळ्या वळवतात. मोर कशालाही केकाटतो. सांबर मात्र पाय आपटून पोंक् करून ओरडलं तर बाबा दुसरी खात्री करत बसत नाहीत.

साक्रीकर

आमना गावमा बी हाईच शे. पण भाऊ, वानरं केळीचे घड नासवतात म्हणून फटाके लावून हाकलतो ना आपण? मग इशारा द्यायला उरलं कोण?

बांधावरचा_रावेर

खरंय भाऊ. नुकसान सोसवत नाही आणि त्या दिवशी वानरं नसती तर मी सरळ नाल्यात उतरलो असतो. पण रात्रीचं काय?

चोपड्याची_पक्षीवेडी

दादा, रात्री वानरांवर विसंबू नका. ती दिवसाची जनावरं, अंधारात झोपलेली असतात. रात्री शांत आहे म्हणजे बिबट्या नाही, असं अजिबात धरू नका. रात्री जागी असते ती टिटवी. तिला लोक अपशकुनी म्हणतात याचं मला वाईट वाटतं, इतकी सावध पाखरं थोडी आहेत. पण ती माणूस, कुत्रा, मुंगूस सगळ्यांना ओरडते, आणि उन्हाळ्यात अंडी असली की जास्तच. म्हणून तुम्ही बांधावर पोचायच्या आधीच ती लांब नाल्याकडे ओरडत असेल, तर तिथेच थांबा, बॅटरी फिरवा, मोठ्याने बोला. आणि एकटे जाऊ नका. मोटारीच्या खोलीपर्यंतचं गवत आणि केळीची वाळकी पानं काढून ठेवा, वाट लांबून दिसली पाहिजे.