दुरुस्त होणारा लॅपटॉप घ्यावा, की जास्त वेळ चालणारा?

वैदर्भी:
मुलगी यंदा अमरावतीहून पुण्याला शिकायला चाललीय. लॅपटॉप घ्यायचाय आणि घरात दोन तट पडलेत. तिला मॅकबुक एअर हवाय, पंखा नसलेला, दिवसभर चालणारा. माझं म्हणणं, बॅटरी, पंखा, रॅम (चालू कामाची मेमरी) स्क्रू काढून बदलता येतील असाच घ्यावा. म्हणजे लेनोवोचा जुना थिंकपॅड टी४८०, नाहीतर जरा पैसे वाढवून टी१४.

माझा हट्ट अनुभवातून आलाय. २०२१ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपची बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यात फुगली. टचपॅड वर उचललं गेलं तेव्हा लक्षात आलं. बॅटरी आत चिकटवलेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कीबोर्डसकट वरचा भागच बदलावा लागेल म्हणून सव्वीस हजार सांगितले. बाकी सगळं ठणठणीत होतं. आजही तो कपाटात पडून आहे आणि दर वेळी कपाट उघडलं की वाईट वाटतं.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज या दोन गोष्टी मारतात. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर साधारण ८० टक्के क्षमता उरते, ४० अंशांत ६५ टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. अशा ठिकाणी बॅटरी ही झिजणारी वस्तूच धरायला हवी. टायर झिजला म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही. टी४८० मध्ये आत २४ वॅट-तासांची (वॅट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एक बॅटरी आणि मागे बाहेरून लावायची दुसरी, ७२ वॅट-तासांपर्यंतची. लॅपटॉप चालू असतानाही ती बदलता येते. ही सोय कंपन्यांनी काढून का घेतली, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

ठाणेकरीण:
पूर्ण असहमत. टी४८० हे २०१८ चं मशीन आहे. दोन ब्राउझर आणि एक व्हिडिओ कॉल चालू केला की पंखा भणभणतो. बॅटऱ्या नव्या टाकल्या तरी वीज खाणारी चिप तीच राहते. २०२० च्या एम१ एअरमध्ये, म्हणजे ॲपलची स्वतःची एम१ चिप असलेल्या मॅकबुक एअरमध्ये, जेमतेम ५० वॅट-तासांची बॅटरी आहे, तरी माझा सकाळी आठला काढलेला रात्रीपर्यंत चालतो. जे तापतच नाही, त्याची बॅटरीही कमी शेकते. तुमच्याच नियमाने एअर जास्त टिकायला हवा.

आणि डाग देऊन, म्हणजे बोर्डवर कायमची सोल्डर करून बसवलेली रॅम म्हणजे निव्वळ लबाडी, हे मला मान्य नाही. चिपच्या अगदी जवळ बसवलेल्या एलपीडीडीआर प्रकारच्या रॅमला वीज कमी लागते. फ्रेमवर्क ही दुरुस्तीच्या नावावरच उभी राहिलेली कंपनी. तिने २०२५ च्या डेस्कटॉपमध्ये रॅम बोर्डवरच ठेवली, कारण एएमडीच्या त्या चिपला हवा तेवढा वेग काढता-घालता येणाऱ्या रॅमने मिळत नव्हता.

लॅमिंग्टन_रोड:
चौदा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच्याच कामात आहे, म्हणून लिहितो.

वैदर्भी, आधी तो कपाटातला लॅपटॉप. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. हे आजच करा.

आता तापण्याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या गरम लॅपटॉपांपैकी बहुतेकांत चिपचा दोष नसतो. पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू बसून नमद्यासारखा थर होतो. हवा बाहेर पडत नाही, पंखा नुसता ओरडतो. त्यातच चिप आणि हीटसिंकमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली. साफ करून नवी पेस्ट लावली की तेच मशीन शांत होतं, काम अर्ध्या तासाचं. उष्ण गावात मी पेस्टऐवजी तापल्यावर मऊ होणारा फेज-चेंज पॅड सुचवतो, तो कडेला सरकत नाही. एअरमध्ये यातलं काही करावं लागत नाही हे खरं, पण ४२ अंशांच्या खोलीत त्याला सतत जड काम दिलं की तो स्वतःचा वेग कमी करतो.

दोघांनाही न आवडणारी गोष्ट सांगतो. टी४८० साठी 'ओरिजिनल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांत डुप्लिकेट माल भरपूर आहे. खरी मिळाली तरी ती गोदामात किती वर्षं पडून होती ते बघावं लागतं. स्क्रू सुटला पण चांगला भाग मिळाला नाही, तर दुरुस्ती कसली? उलट एम१ एअरची बॅटरी ओढून काढता येणाऱ्या चिकटपट्ट्यांवर असते, सरावलेल्या हाताने नीट निघते. पण त्याची एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारा भाग, बोर्डवरच आहे. बोर्ड गेला की बॅकअप नसलेला डेटाही गेला असं धरून चाला.

म्युनिककर:
माझा फ्रेमवर्क १३ हा २०२१ चा. पुढे मूळ इंटेल बोर्ड काढून एएमडीचा टाकला, बॅटरी ५५ ची ६१ वॅट-तासांची केली. स्क्रीन, कीबोर्ड, बाहेरचं कवच तेच. जुना बोर्ड घरचा सर्व्हर म्हणून चालतो. विद्यार्थ्याने एवढे पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही, पण ही वाट चालते हे दिसायला हवं.

नुसत्या ग्राहकाच्या सद्भावनेवर हे होत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता याव्यात असा नियम लागू होतोय.

ठाणेकरीण:
युरोपात होईल. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, पण तिथे माहिती मिळते, सुटा भाग मिळत नाही. मग नैतिकतेचं ओझं एका अठरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर कशाला? शिवाय जुनं मशीन वीज जास्त खातं आणि आपली वीज बहुतांश कोळशाची. त्याचा हिशेब कोण करणार?

वैदर्भी:
मी करतो. जुना लॅपटॉप सरासरी १५ वॅट जास्त खातो असं धरा. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३६ युनिट. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला २५ किलो. नवा लॅपटॉप बनतानाच शंभर ते तीनशे किलो हवेत जातात. कमीत कमी आकडा धरला तरी चार वर्षांनी फिटतो. बॅटरीतल्या कोबाल्टसाठी काँगोत माणसं कशी खणतात, ते तर यात धरलेलंच नाही.

ठाणेकरीण:
हिशेब मान्य. पण तो नव्याविरुद्ध जुन्याचा झाला. मग सेकंडहँड एम१ एअर घ्या! तोही बनून झालेलाच आहे, आणि वीज कमी खातो.

वैदर्भी:
याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ८ जीबी रॅमचा एअर मिळाला तर तो शेवटपर्यंत ८ जीबीचाच राहणार. चार वर्षांचा कोर्स आहे.

लॅमिंग्टन_रोड:
मग टी१४ जेन ५ (पाचवी पिढी) बघा, २०२४ चा. रॅम दोन्ही स्लॉटमध्ये काढता-घालता येणारी, बॅटरी स्क्रूवर, दुरुस्तीच्या सोयीला गुण देणाऱ्या आयफिक्सिटने दहापैकी नऊ गुण दिलेत. आधीच्या टी१४ मध्ये थोडी तरी रॅम डाग दिलेली आहे, त्यामुळे नुसतं 'टी१४' ऐकून पैसे देऊ नका. घेतल्यावर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग पहिल्या दिवशी लावा.

वैदर्भींची_मुलगी:
बाबांना विचारून लिहितेय. सीनियर ताई म्हणाली, वर्गात प्लग फक्त भिंतीला आहेत आणि तिथल्या जागा आधीच भरतात. मोठ्या बॅटरीचा टी४८० दोन किलोच्या आसपास जातो, आणि बस बदलत तो मला न्यायचाय. त्यामुळे वजन आणि तास मी सोडणार नाही. जेन ५ दुकानात चालवून बघू. कमी ब्राइटनेसवर सात तास निघाले तर तो, नाहीतर १६ जीबीचा जुना एअर.

कपाटातला लॅपटॉप उद्या सकाळी आम्ही दोघं केंद्रावर देऊन येतोय. आणि बाबा, जेन ५ घेतला तर पहिल्यांदा पेस्ट बदलायची वेळ येईल तेव्हा स्क्रू मी काढणार. तुम्ही फक्त शेजारी बसा.