‘मामा’ पुरस्कारांची मुख्य रात्र सोलमध्ये व्हायला हवी का?

नामसान
मामा म्हणजे सीजे ईएनएम या कोरियन मनोरंजन कंपनीच्या एमनेट वाहिनीचे वार्षिक के-पॉप पुरस्कार. १९९९ मध्ये म्युझिक व्हिडिओंच्या पुरस्कारांपासून सुरुवात झाली, २००९ मध्ये नावात ‘एशियन’ आलं आणि २०१० पासून सोहळा देशाबाहेर गेला. आधी मकाऊ, मग सिंगापूर, मग सलग काही वर्षं हाँगकाँग. अलीकडे ओसाका, टोकियो, लॉस एंजेलिस आणि २०२५ मध्ये पुन्हा हाँगकाँग. मधली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तेवढी पूर्णपणे कोरियात झाली, तीही साथीमुळे, सोलजवळच्या पाजूला.

माझं मत स्पष्ट आहे: डेसांग, म्हणजे सर्वोच्च पुरस्कार, कोरियात दिले जावेत. २०१८ चंच बघा. तीन शहरांत सोहळा होता. सोलच्या दोंगदेमुन डिझाइन प्लाझाच्या वाट्याला नवोदितांची रात्र आली, आणि मोठे पुरस्कार जपानमधल्या सायतामाला आणि हाँगकाँगला. पहाटे उठून म्युझिक शोच्या रेकॉर्डिंगच्या रांगेत उभे राहणारे कोरियन चाहते, आणि आपल्याच गटाचा डेसांग बघायला त्यांनी विमानाचं तिकीट काढायचं. हे मला पटत नाही.

साउंडचेक
भावना ठीक, पण घेणार कुठे? सोलच्या जामसिल भागातलं ऑलिंपिक स्टेडियम २०२३ पासून नूतनीकरणासाठी बंद. ते चालू असतं तरी उघडं मैदान, आणि नोव्हेंबरअखेर सोलमध्ये रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. पातळ कपड्यांत नाचणाऱ्यांचे स्नायू आखडतात. बंदिस्त जागांत सोलचा केएसपीओ डोम सुमारे १५ हजारांचा, शेजारच्या इंचॉन शहरातला इन्स्पायर अरेना तेवढाच. सीजेचा स्वतःचा २० हजार आसनांचा अरेना सोलला लागून असलेल्या गोयांगमध्ये उभा राहणार होता. काम २०२३ मध्ये थांबलं आणि २०२४ मध्ये ग्योंगी प्रांताने करारच रद्द केला.

याउलट टोकियो डोमची क्षमता ५५ हजारांपर्यंत. स्टेजमागच्या आणि बाजूच्या खुर्च्या बंद ठेवूनही दोन रात्रींत किती लोक बसतात ते बघा. एलईडी भिंत, लिफ्ट, रिगिंग (दिवे-स्पीकर टांगायचा सांगाडा), कॅमेरे यांचा खर्च प्रेक्षक १५ हजार असोत की ४० हजार, फार बदलत नाही. मग प्रत्येक तिकिटावर पडणारा बोजा कुठे कमी, हे उघड आहे.

नामसान
@साउंडचेक, डोमचं कारण नंतरचं आहे. २०१३ पासून २०१८ पर्यंत हाँगकाँगमधला सोहळा एशियावर्ल्ड-एक्स्पोत व्हायचा. तिथला अरेना जेमतेम १४ हजारांचा, म्हणजे केएसपीओ डोमपेक्षाही लहान. आणि २०२४ चं लॉस एंजेलिसचं डॉल्बी थिएटर? साधारण ३,४०० खुर्च्या. जागा अपुरी म्हणून कोणी ३,४०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात जात नाही. बाहेर जायचं आधी ठरलं, सबबी मागाहून सापडल्या.

लाइटस्टिक_ठाणे
बरोबर, कारण बाजारपेठ आहे. पण त्यात वाईट काय? आपल्याकडे आयफाने हेच केलं: २००० मध्ये लंडन, मग जगभर, आणि २०२५ मध्ये जयपूर. बाहेर गेल्याने हिंदी सिनेमा परका झाला नाही. शिवाय ज्यांना घरीच बघायचंय त्यांच्यासाठी मेलॉन या कोरियन संगीत अ‍ॅपचे मेलॉन म्युझिक अवॉर्ड्स आहेतच. २०२३ आणि २०२४ ला इन्स्पायर अरेना, २०२५ ला सोलचा गोचक स्काय डोम. दोन्ही सोहळे एकाच शहरात, महिन्याभराच्या अंतराने भरवून काय साधणार?

भारतातून जाणाऱ्यांसाठीही फरक पडतो. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं. त्यातलं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी तंतोतंत जुळवा, नाहीतर चेक-इनलाच अडवू शकतात. कोरियासाठी मात्र आधी व्हिसा, बँक स्टेटमेंट, सगळं आलं.

बोनसांग
आयफाचं उदाहरण इथे लागू होत नाही. आयफा बाहेर गेलं तरी राष्ट्रीय पुरस्कार दिल्लीतच होते. आणि मेलॉनच्या पुरस्कारांत एकाच अ‍ॅपच्या आकड्यांना मोठं वजन असतं. मामाची जागा त्याने भरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, हजेरी. लॉस एंजेलिसची २१ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ म्हणजे जपानमध्ये २२ ची दुपार, आणि ओसाकाची पहिली रात्र २२ लाच. एकच गट दोन्हीकडे असणं शक्यच नाही. मग कुठला पुरस्कार कुठे द्यायचा हे कोण कुठे आहे त्यावर ठरणार, आणि ‘हजेरीचा पुरस्कार’, म्हणजे जो येईल त्यालाच मिळतो, हा जुना आरोप पुन्हा उठणार. सोलमध्ये सोहळा असेल तर कलाकारांच्या बहुतेक एजन्सी तासाभराच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या शहरात चित्रीकरण आहे म्हणून गैरहजर, ही पळवाटच राहत नाही.

साउंडचेक
हजेरीचा प्रश्न शहर बदलून सुटत नाही. २००९ मध्ये सोहळा कोरियातच होता, तरी एसएम या मोठ्या एजन्सीचे कलाकार आले नाहीत. निवडीच्या निकषांवर त्यांचा आक्षेप होता. निकष सगळ्यांना मान्य झाले की लोक ओसाकालाही येतात, नसतील तर शेजारच्या हॉलमध्येही फिरकत नाहीत. भांडायचं तर पात्रतेच्या कालावधीवर भांडा. सेव्हन्टीन या गटाचा ऑक्टोबर २०२३ चा अल्बम नोव्हेंबर २०२४ ला ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरतो, तेरा महिन्यांनी. नव्या श्रोत्याला वाटतं, हा तर गेल्या वर्षीचा.

मेलॉनवाली
परदेशातल्या आयोजनाची जोखीम कोणी मोजत नाहीये. २६ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगच्या ताय पो भागात रहिवासी इमारतींना भीषण आग लागली. काई ताक स्टेडियमवरचा सोहळा २८ ला. दोन दिवसांत रेड कार्पेट रद्द, आतषबाजीसारखे इफेक्ट काढले, मौन पाळलं. आगीच्या इफेक्टच्या ठरलेल्या जागा काढल्या की कॅमेऱ्याचे शॉट, दिव्यांचं प्रोग्रामिंग, नाचातला थांबा, सगळं पुन्हा बसवावं लागतं, तेही परक्या शहरात.

लाइटस्टिक_ठाणे
@मेलॉनवाली, अशी वेळ घरीही येते. २९ डिसेंबर २०२४ ला मुआनला जेजू एअरचं विमान कोसळलं, राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला आणि ३१ डिसेंबरचं एमबीसी वाहिनीचं गायो देजेजॉन, म्हणजे वर्षअखेरचा संगीत कार्यक्रम, ठरल्या दिवशी दाखवलंच नाही. ते कोरियन वाहिनीचंच होतं.

नामसान
मान्य, पण तिथे दुखवटा आपल्याच लोकांचा होता, आणि काय थांबवायचं हे ठरवणाराही तिथलाच होता.

जागेबद्दल शेवटचं सांगतो. गोचक हे किवूम हीरोजचं बेसबॉल मैदान. छप्पर आहे, कृत्रिम गवत आहे, आसनं १६ हजारांच्या आसपास, आणि मैदानावर खुर्च्या टाकल्या की संख्या आणखी वाढते. बेसबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत संपतो, म्हणजे गवतावर संरक्षक फळ्या टाकून स्टेज उभारायला महिनाअखेरपर्यंत पुरेसा अवधी मिळतो. मेलॉनवाल्यांना डिसेंबरमध्ये जमतं तर मामाला नोव्हेंबरमध्ये का जमू नये? दोन रात्रींपैकी डेसांगची एक गोचकला ठेवा, दुसरी हवी तिथे न्या.

साउंडचेक
एक रात्र सोल, एक रात्र ओसाका म्हटलं की तेच सेट दोनदा बांधायचे किंवा विमानाने हलवायचे, आणि मध्ये किमान तीन-चार दिवस ठेवायचे. २०१७ आणि २०१८ ला तीन शहरं करून पाहिली, २०१९ ला सगळं नागोया डोममध्ये एका रात्रीत आणलं. तो खर्च कोण उचलणार, ते आधी सांगा.